पिवळ्या बावट्याखालची मुंबई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई बंदरातून परदेशी निघणाऱ्या आगबोटीच्या कप्तानापाशी दोन कागद नसले, तर पुढच्या बंदरात त्याचा निभाव लागत नसे. पहिला कागद जकात कचेरीचा. माल तपासला, जकात भरली, बोटीला जायला हरकत नाही, अशी ती चिठ्ठी १८७८ च्या सागरी जकात कायद्याप्रमाणे मिळे. दुसरा कागद आरोग्यपत्राचा. बोट निघाली त्या दिवशी या शहरात कोणता साथीचा रोग होता किंवा नव्हता, हे त्यावर लिहिलेले असे. आरोग्यपत्र निर्मळ असले की एडनला, सुएझला, मार्सेयला बोट सरळ धक्क्याला लागे. त्यावर रोगाचे नाव असले की बोटीला डोलकाठीवर पिवळा बावटा चढवून धक्क्यापासून दूर नांगरून राहावे लागे. माल उतरत नसे, उतारू खाली येत नसत, डाकेच्या थैल्यासुद्धा संशयाने हाताळल्या जात. मालकाचे रोजचे नुकसान वेगळेच.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या सत्ताधाऱ्यांना पडलेला प्रश्न वैद्यकाचा होता, तितकाच या दुसऱ्या कागदाचा होता. आजाराला नाव काय द्यायचे? कारण कचेरीत एकदा नाव उच्चारले की ते आरोग्यपत्रावर उतरणार, आणि आरोग्यपत्रावर उतरले की जगातल्या प्रत्येक बंदरात मुंबईच्या बोटी पिवळ्या बावट्याखाली उभ्या राहणार.

नाव उच्चारले ते डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी. गोव्यातल्या हडफड्यात जन्मलेले, मुंबईत दवाखाना चालवणारे आणि महापालिकेचे सभासद असलेले हे डॉक्टर मांडवीत रोगी पाहायला जात. तीव्र ताप, जांघेत नाहीतर काखेत गाठ, आणि दोन-चार दिवसांत मृत्यू, असे रोगी त्यांना एकामागून एक दिसले. हा गाठीचा प्लेग आहे, असे त्यांनी सप्टेंबरच्या उत्तरार्धात महापालिकेत स्पष्ट सांगितले. सरकारी बाजूने हे मान्य करायला वेळ लागला. आरोग्याधिकारी डॉ. वेअर यांच्या कचेरीची भाषा सुरुवातीला संशयाची, सावधपणाची होती. या सावधपणामागे केवळ वैद्यकीय शंका होती, असे मला वाटत नाही. कापूस, सूत, अफू, धान्य, कातडी यांच्या उलाढालीवर उभे असलेले शहर स्वतःच्या हाताने स्वतःच्या बंदराला रोगी ठरवायला कचरणार, हे उघड आहे. व्हिएगस यांनी ते धैर्य दाखवले. मेट्रो सिनेमाच्या समोर त्यांचा पुतळा आहे. त्याच्या जवळून रोज हजारो लोक जातात, आणि तो कोणाचा हे फार थोड्यांना ठाऊक असते.

रोग मांडवीतच का उठला, याचे उत्तर नकाशात आहे. मांडवी म्हणजे बंदराला टेकलेली धान्याची पेठ. १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने समुद्र हटवून जमीन केली, १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक उघडला, १८८८ मध्ये त्याच्या शेजारी व्हिक्टोरिया डॉक. जहाजातून उतरलेली आणि जहाजात चढायची पोती या गोद्यांपासून हाकेच्या अंतरावर, मांडवी आणि मशीद बंदरच्या वखारींत पडत. वखारीच्या वरच्या मजल्यांवर, तिच्या पाठीमागच्या अंधाऱ्या खोल्यांत व्यापाऱ्यांची कुटुंबे, गुमास्ते, आणि घाटावरून, कोकणातून आलेले हमाल दाटीने राहत. १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगने थैमान घातले होते, आणि हाँगकाँगशी मुंबईचा अफूचा व सुताचा व्यापार अखंड चालू होता. साथ त्याच वाटेने आली असावी, असे तेव्हाही बहुतेकांचे मत होते. मांडवीच्या वखारींतून मेलेले उंदीर सापडत होते हेही लोकांनी पाहिले होते. पण उंदीर, त्याच्या अंगावरची पिसू आणि माणूस ही साखळी तेव्हा कोणाच्याही हाती लागली नव्हती. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने ती १८९८ मध्ये कराचीत जुळवून दाखवली, आणि तीही पुढे कित्येक वर्षे सर्वमान्य झाली नाही. म्हणजे १८९६-९७ मध्ये निघालेली प्रत्येक नोटीस माणसाला उद्देशून होती, आणि रोगाची खरी ने-आण पोत्यांच्या थप्प्यांमधून होत होती. या काळाकडे पाहताना ही गोष्ट सतत मनाशी ठेवावी लागते. त्यामुळे अधिकाऱ्यांच्या चुकांना थोडी क्षमा मिळते, आणि त्यांच्या जबरदस्तीचा निरर्थकपणा अधिक टोचतो.

पहिली मोठी नोटीस निघाली ६ ऑक्टोबर १८९६ ला. महापालिका आयुक्त स्नो यांनी १८८८ च्या महापालिका कायद्यातला अधिकार वापरून ती काढली. आरोग्य खात्याच्या माणसांना कोणत्याही घरात शिरता येईल, घर धुऊन काढता येईल, आणि रोग्याला, त्याची वा घरच्यांची संमती असो वा नसो, इस्पितळात हलवता येईल, असा तिचा आशय होता. गटारांत समुद्राचे पाणी आणि कार्बोलिक सोडले गेले. घरांना चुना फासला. जिने, माळे, पोटमाळे उपसले. गटारांतून उधळलेले उंदीर नव्या वस्त्यांत शिरले असतील, हे आज कळते.

या नोटिशीने शहर हादरले. आर्थर रोडचे इस्पितळ म्हणजे परत न येण्याची जागा, अशी समजूत पसरली. तिथे जिवंत माणसाच्या अंगातून मोमियाई नावाचे औषधी तेल काढतात, ही जुनी अफवा पुन्हा उठली. त्याच महिन्यात एस्प्लनेडवरच्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणी डांबर फासले होते. त्या अपमानाचा सूड म्हणून राणीने मुंबईकरांची काळजे मागवली आहेत, असेही लोक बोलू लागले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. या अफवांना अडाणीपणा म्हणून झटकून टाकण्याची सवय त्या काळच्या इंग्रजी अहवालांना आहे. मला ते पटत नाही. ज्या माणसाला हुकुमाचे कारण कोणी सांगितले नाही, त्याच्या बायकोला वा आईला शिपाई डोलीत घालून नेतात, आणि बहुतेक वेळा ती जिवंत परत येत नाही, त्याने कारण स्वतःच शोधले. अफवा ही न सांगितलेल्या कारणाच्या जागी आलेली गोष्ट होती. प्रशासनालाही हे अर्धेमुर्धे उमगले असावे. ऑक्टोबर संपता संपता नोटीस सौम्य झाली आणि घरीच वेगळे ठेवण्याची सोय असेल, तर रोग्याला हलवणार नाही, असे जाहीर झाले. शहर साफ ठेवणारे हलालखोर पळून गेले तर काय, ही भीती त्यामागे मोठी होती.

लोकांनी मात्र निघण्याचे ठरवले होते. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत तिच्यातली निम्म्याच्या जवळपास माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांना माणसे मिळेनात. नाक्यानाक्यावर मालकांचे हस्तक कामगारांना जादा रोज देऊन ओढू लागले. घाटावरचा माणूस आगगाडीने गेला, आणि कोकणातला माणूस समुद्राने.

या समुद्रमार्गाकडे इतिहासकारांचे लक्ष कमी गेले आहे. प्लेगच्या कथा आगगाडीच्या फलाटावर थांबतात, कारण अहवालांत फलाट जास्त दिसतो. पण रत्नागिरी जिल्ह्यातले लाखाहून अधिक लोक तेव्हा मुंबईत पोट भरत होते. त्यांची गावाची वाट आगबोटीची, नाहीतर गलबताची. पावसाळ्यात ही वाट बंद. नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण झाला आणि वारा निवळला की बोटी सुरू. म्हणजे मांडवीत रोगाचे नाव उच्चारले गेले, तेव्हा कोकणचा समुद्र नुकताच मोकळा होत होता. पुढचे आठ महिने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, वेंगुर्ले या बंदरांना जाणाऱ्या बोटींचे हंगामाचे दिवस. त्यातच शिमगा मार्चमध्ये. एरवीही मुंबईतला कोकणी माणूस शिमग्याला गावी जातोच. या वेळी तर त्याला रोग मागून हाकत होता.

या प्रवासाची रीत ध्यानात घेतली की बंदराच्या कारभाराची अडचण कळते. आगबोट कोकणातल्या बहुतेक बंदरांत किनाऱ्याला लागतच नसे. ती खोल पाण्यात उभी राही. किनाऱ्यावरून पडाव, मचवे येत, तांडेल हाका मारत, आणि बायकापोरे, गाठोडी, कोंबड्या असे सगळे लाटांवर डोलणाऱ्या पडावात उतरवले जाई. आगबोटीवर तपासणी करणे जमण्यासारखे होते. पण गलबतांचे काय? मुंबईच्या कोणत्याही बंदरावरून निघालेले गलबत रात्रीच्या वाऱ्यावर एखाद्या खाडीत शिरले आणि दहा माणसे वाळूवर उतरवून पुढे गेले, तर त्याला कोण अडवणार? अंजनवेलपासून तेरेखोलपर्यंत किती खाड्या, किती मुखे! गोदीच्या दरवाजावर लावलेल्या छापील कागदाची सत्ता तिथवर पोचत नव्हती.

४ फेब्रुवारी १८९७ ला कलकत्त्यात साथरोगांचा कायदा झाला. मोजक्या कलमांचा, एका पानावर मावेल एवढा. त्यात बंदराला खास जागा होती. बंदरात येणाऱ्या किंवा तिथून निघणाऱ्या कोणत्याही जहाजाची तपासणी करणे, ते अडकवून ठेवणे, त्यातून प्रवासाला निघालेल्या वा आलेल्या माणसाला थांबवून ठेवणे, हे सारे त्यात आले. हुकूम मोडणाऱ्याला भारतीय दंडविधानाच्या १८८ व्या कलमाप्रमाणे शिक्षा. कायद्याखाली सद्हेतूने काही करणाऱ्या अधिकाऱ्यावर मात्र दावा लावता येणार नाही. जहाजे अडकवण्याची तरतूद नवी नव्हती. १८७० चा क्वारंटाइन कायदा होता, दंडविधानातले २७१ वे कलम जहाजांच्याच क्वारंटाइनसाठी होते. नवे होते ते हे, की जहाजाला लागू असलेला नियम आता रस्त्याला, चाळीला आणि खोलीला लागू झाला. सगळे शहर पिवळ्या बावट्याखाली आले.

एवढी घाई का झाली, हे व्हेनिसकडे पाहिल्यावर कळते. १६ फेब्रुवारीला तिथे युरोपीय देशांची आरोग्य परिषद भरणार होती. विषय एकच, मुंबईचा प्लेग. त्याआधीच युरोपातल्या अनेक देशांनी हिंदुस्थानातून येणाऱ्या मालावर निर्बंध घालायला सुरुवात केली होती. हिंदुस्थान सरकार काही करत नाही, व्यापारासाठी रोग लपवते, हा आरोप ब्रिटिश प्रतिनिधींना तिथे ऐकावा लागणार होता. कडक कायदा हातात असणे ही त्या परिषदेसाठी लागणारी तयारी होती. १९ मार्चला करार झाला. रोगी जहाज, संशयित जहाज आणि निरोगी जहाज अशी जहाजांची वर्गवारी झाली, आणि साथ उठताच इतर सरकारांना तत्काळ कळवणे बंधनकारक ठरले. परक्या सरकारांना तारेने, कारणासकट, ठरल्या मजकुरात सूचना द्यायची, हे व्हेनिसला कागदावर आले. मांडवीतल्या हमालाला कसे कळवायचे, याबद्दल कोणत्याही करारात एक ओळ नव्हती.

व्हेनिसची सर्वांत जड किंमत हज यात्रेकरूंनी दिली. मुंबई हे हिंदुस्थानातल्या मुसलमानांचे मक्केचे द्वार होते. बंगालपासून पंजाबपर्यंतचे आणि मध्य आशियातलेही यात्रेकरू इथे येत. जुनी भांडी, शिदोरी, कफनाचे कापड घेऊन ते मुसाफिरखान्यात उतरत आणि जेद्दाच्या बोटीची वाट पाहत. या गरीब यात्रेकरूंची दलालांकडून आणि बोटवाल्यांकडून होणारी लूट थांबावी म्हणून सरकारने १८८६ मध्ये थॉमस कुक कंपनीकडे ही वाहतूक सोपवून पाहिली होती, आणि ती व्यवस्था काही वर्षांतच बंद पडली. १८८७ मध्ये देशी उतारूंच्या जहाजांचा आणि १८९५ मध्ये यात्रेकरूंच्या जहाजांचा स्वतंत्र कायदा झाला होता. म्हणजे या एका वाहतुकीसाठी बंदराच्या कारभारात स्वतंत्र दालनच होते. तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर तुर्की सरकारचा क्वारंटाइनचा तळ होता आणि तिथले हाल यात्रेकरूंना तोंडपाठ होते. यात्रा रोखा, असा युरोपचा आग्रह जुना होता, आणि हिंदुस्थान सरकारने तो वर्षानुवर्षे टाळला होता. १८५८ च्या जाहीरनाम्यात राणीने धर्मात हात न घालण्याचे वचन दिले होते, आणि हज रोखणे म्हणजे त्या वचनाला उघड तडा देणे. १८९७ च्या फेब्रुवारीत तो तडा गेला. मुंबई आणि कराची या बंदरांतून यात्रेकरूंना सोडणे बंद झाले.

आयुष्यभर पैसा पैसा साठवून निघालेला म्हातारा विणकर मुंबईला पोचतो आणि त्याला बंदरावर सांगतात की यंदा बोट नाही. त्याच दिवशी त्याच गोदीतून कापसाच्या गाठी भरलेली बोट आरोग्यपत्र घेऊन युरोपकडे निघते. कापसाला तपासणीअंती वाट मिळाली, आणि यात्रेकरूला तपासणीअंतीही नाही. साथ पसरू नये म्हणून यात्रा थांबवणे वैद्यकीयदृष्ट्या चूक होते, असे मी म्हणणार नाही. गर्दीच्या बोटी आणि मक्केतली गर्दी पाहता तो निर्णय समर्थनीय ठरू शकतो. पण ज्यांच्यावर तो लादला गेला त्यांच्याशी आधी बोलणे झाले नाही, आणि पैसे खर्चून मुंबईत अडकलेल्या माणसाचे पुढे काय, याचा विचार हुकूम निघाल्यावर सुरू झाला.

५ मार्च १८९७ ला मुंबईच्या प्लेगचा कारभार महापालिकेकडून काढून चार जणांच्या समितीकडे देण्यात आला. अध्यक्ष ब्रिगेडियर-जनरल गॅटेकर, दोन वर्षांपूर्वी चित्रळच्या मोहिमेत लढलेला लष्करी अधिकारी. बरोबर डॉ. डिमॉक, स्वतः स्नो आणि एक अभियंता. गॅटेकरने काम मोहिमेसारखेच आखले. पहाटे एखाद्या वस्तीभोवती सैनिक आणि पोलीस कडे करत, आणि मग घरोघर शोध. घरात रोगी सापडला की भिंतीवर लाल रंगाचे वर्तुळ आणि तारीख. राहण्यास अयोग्य ठरलेल्या घरावर इंग्रजी अक्षरे रंगवली जात. मराठी, गुजराती, उर्दू वाचणाऱ्या शहरात आपल्या घराचे काय झाले, हे घरमालकाला आणि भाडेकऱ्याला दुसऱ्या कोणाला तरी विचारावे लागे. त्या वर्षीची छायाचित्रे उपलब्ध आहेत. एकाच दाराशेजारी अशी अनेक वर्तुळे दिसतात, प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक माणूस. नोटीस आता कागद सोडून घराच्या भिंतीवर आली होती.

फलाटांवर आणि धक्क्यांवर उतारूंच्या रांगा लागल्या. डॉक्टर गळा, काखा, जांघा चाचपून पाहत. स्त्रियांसाठी पुढे स्त्री डॉक्टर आणि पडदे आले, पण सुरुवातीच्या अनुभवाची जखम राहिली. वरच्या वर्गाच्या युरोपीय उतारूची तपासणी आणि डेकवरच्या माणसाची तपासणी एकसारखी नव्हती. गोऱ्या साहेबाच्या शब्दावर विश्वास, आणि खलाशाच्या, हमालाच्या, माहेरी निघालेल्या बाईच्या अंगावर हात. लोकांच्या मनात सर्वांत खोल रुतले ते हेच.

गॅटेकरबद्दल न्यायाने बोलायचे तर त्याने जातीजमातींच्या पुढाऱ्यांना भेटी दिल्या, आणि ज्या त्या समाजाला स्वतःची इस्पितळे काढू दिली. पारशी, जैन, भाटिया, मेमन, खोजा, सारस्वत अशा अनेकांनी ती चालवली. तिथे आपल्या हातचे पाणी, आपले अन्न, आपली माणसे होती, म्हणून लोक रोगी घेऊन जाऊ लागले. संशोधक हाफकिनने आपली प्लेगवरची लस जानेवारीत स्वतःच्या अंगावर टोचून पाहिली होती, आणि तीही हळूहळू लोकांपर्यंत जात होती. पण मोहिमेचा साचा बदलला नाही. पुण्यात तोच साचा अधिक निर्दयपणे वापरला गेला, आणि २२ जून १८९७ च्या रात्री तिथल्या प्लेग समितीचा अध्यक्ष रँड याच्यावर गोळी झाडली गेली.

त्यानंतर मुंबईच्या समितीची सूत्रे जेम्स मॅकनॅब कॅम्बेल यांच्याकडे आली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांचे संपादक म्हणून मराठी अभ्यासकांना हे नाव परिचित आहे. रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० चा, कुलाब्याचा १८८३ चा. कोकणातली बंदरे, गलबतांचे प्रकार, खाड्यांची खोली, मुंबईला नोकरीसाठी जाणारी माणसे आणि त्यांच्या येण्या-जाण्याचे हंगाम यांची टिपणे त्यांच्या हाताखालून गेली होती. पुढे ते मुंबईचे जकात कलेक्टर झाले. म्हणजे ज्या कचेरीतून जहाजांना परवाने मिळत, त्या कचेरीचा प्रमुख आता प्लेगचा प्रमुख होता. बंदर आणि बंदरामागचा मुलूख ही दोन्ही ज्याला ठाऊक होती, असा दुसरा अधिकारी तेव्हा मुंबईत असेल असे वाटत नाही. कॅम्बेल यांनी बळापेक्षा समजावणीवर भर दिला. वस्त्यांतल्या वडीलधाऱ्यांना हाताशी धरणे, आधी सांगणे आणि मग करणे, हा त्यांचा मार्ग होता, आणि त्यांच्याबद्दल लोकांना आपुलकी वाटे, असे समकालीन नोंदी सांगतात. मला यात योगायोग दिसत नाही. ज्याने एखाद्या प्रदेशाची गावे, जाती, सण, होड्या आणि शिडे यांची नोंद घ्यायला आयुष्याची वर्षे दिली, त्याला त्या माणसांना नुसते रोगाचे वाहक समजणे जड जाते.

तरीही व्यवस्था एका माणसापेक्षा मोठी होती. ९ मार्च १८९८ ला जुलाह्यांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला गेलेल्या पथकाला घरच्यांनी अडवले. जमाव जमला, गोळीबार झाला, दंगल शहरभर पसरली. माणसे मेली, त्यात गोरे सैनिकही होते. हे विणकर उत्तरेकडून आलेले मोमीन. वर्षापूर्वी ज्यांची हजची वाट बंद झाली, त्याच समाजातले. दोन घटनांमध्ये सरळ दोरी बांधण्याइतका पुरावा नाही, पण एकाच समाजाच्या मनात दोन्ही आठवणी होत्या.

बंदराच्या दृष्टीने त्यानंतर जे घडले ते अधिक महत्त्वाचे होते. गोदीतले आणि रेल्वेतले हजारो मजूर कामावर गेले नाहीत. प्लेगचे नियम रद्द करा, एवढीच मागणी. जहाजे धक्क्याला लागलेली, आरोग्यपत्रे तयार, जकातीचे परवाने तयार, आणि पोती उचलायला माणूस नाही. दीड वर्ष ज्यांना केवळ हुकूम ऐकवले गेले होते, त्यांनी पहिल्यांदा स्वतःची सूचना दिली, आणि ती सरकारला चटकन कळली. संप काही दिवसांतच मिटला, पण घराघरांत शिरून शोध घेण्याची पद्धत त्यानंतर टप्प्याटप्प्याने मागे पडत गेली. सक्तीने हलवणे कमी झाले, टोचून घेणाऱ्याला सवलती आल्या, आणि प्लेगचा कारभार पुढे पुन्हा महापालिकेकडे गेला.

प्लेग मात्र गेला नाही. तो दर थंडीत परत येत राहिला, आणि पुढच्या दोन-अडीच दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे त्याने नेली. शहर मोकळे करण्यासाठी १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने रुंद रस्ते आखले, दादर-माटुंग्याची आखणी केली, आणि दाट वस्तीतल्या गरिबांची घरे पाडली. त्यांना दुसरी घरे मिळण्याची गती पाडापाडीपेक्षा फारच मंद होती. १८९७ चा एक पानाचा कायदा तसाच उरला. १३ मार्च २०२० ला महाराष्ट्र सरकारने करोनासाठी तोच कायदा लागू केला. १८८ वे कलम तेच, सद्हेतूचे संरक्षण तेच. त्या वर्षीही मुंबईतून कोकणाकडे निघालेली माणसे वाटेत अडली, चालत निघाली, खाड्या ओलांडून गावी गेली.

या सगळ्या कहाणीची कागदपत्रे एकतर्फी आहेत. गॅटेकरचा अहवाल आहे, स्नो यांचा आहे, व्हेनिसचा करार छापलेला आहे. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात रुमालांचे रुमाल आहेत. त्यात सूचना देणाऱ्याचा आवाज भरपूर सापडतो. ज्याला ती सूचना दिली त्याचा आवाज शोधावा लागतो. धक्क्यावर मिळालेला तपासणीचा पास, आगबोटीचे तिकीट, मुंबईहून गावी पाठवलेले खुशालीचे मोडी पत्र, गलबताच्या तांडेलाने ठेवलेला हिशेब, भिंतीवरून उतरवून ठेवलेली मराठी नोटीस, हे कागद सरकारी दप्तरात येत नाहीत. ते आले तर कोकणातल्या माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतूनच येतील. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडमधली जुनी घरे आता झपाट्याने पाडली जात आहेत, आणि पेट्या भंगारात जात आहेत. आपल्या घरी असा एखादा कागद असेल, तर तो न वाचता टाकू नका. मोडी वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला दाखवा. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ किंवा जवळच्या एखाद्या जाणत्या ग्रंथालयाकडे त्याची प्रत तरी द्या.